जेसोचा हात फिरवण्याआधी जरा थांबा

"आर्ट जर्नलमध्ये चूक अशी नसतेच" हे वाक्य आर्ट जर्नलच्या, म्हणजे रंग, चित्रं, कात्रणं आणि मजकूर यांनी भरायच्या वहीच्या, वर्कशॉपमध्ये इतक्यांदा कानावर पडतं की आता वैताग येतो. चुका असतात हो. पान फुगतं, शाई फुटते, समोरासमोरची पानं चिकटतात आणि वही उघडताना रंगाचं सालपट निघतं. रचना आवडली नाही हा वेगळा मुद्दा, ती एकाला खटकेल, दुसऱ्याला नाही. पण फुगलेलं पान सगळ्यांनाच फुगलेलं दिसतं. अशा बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा कागदात, पाण्यात नाहीतर घाईत सापडतं. लगेच वरून पांढरा जेसो (रंगाआधी लावायचं अ‍ॅक्रेलिकचं अस्तर) फिरवला की चुकीसोबत तिचं कारणही झाकलं जातं आणि चार पानांनी तेच पुन्हा घडतं.

सगळ्यात आधी कागद. शाळेच्या वहीचा कागद साधारण 60 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 60 ग्रॅम वजनाचा) असतो. त्यावर वॉटरकलरचा एक वॉश (पाणीदार पातळ थर) दिला की तंतू पाणी पिऊन फुगतात, वाळताना कमीजास्त आकसतात आणि पत्र्याच्या पन्हाळीसारख्या लाटा उठतात. किमान 150 जीएसएम घ्या. पाण्याचं काम भरपूर असेल तर 200 ते 300. जुनीच वही वापरायची असेल (आणि का वापरू नये, फुकटात होतं) तर तीन-तीन पानं चिकटवून एक करा. पुष्कळांची गाडी इथेच अडते. फेविकॉल पाण्यात पातळ करून ब्रशने लावतात, म्हणजे ज्या पाण्यापासून कागद वाचवायचा तेच पाणी त्याला पाजतात. त्यापेक्षा ग्लू स्टिक बरी. फेविकॉलच असेल तर पाणी न घालता जुन्या एटीएम कार्डाने खरवडून अगदी पातळ पसरा, मधून कडांकडे कापडाने दाबत जा, वरखाली बटर पेपर घाला आणि रात्रभर जाडजूड पुस्तकांखाली ठेवा. वही नंतर बंद होईनाशी होते, म्हणून अधूनमधून काही पानं सुरुवातीलाच कापून टाका. मात्र शिवणीपाशी 1 सेंमीची पट्टी राहू द्या, नाहीतर त्याच पानाचा पलीकडचा जोडीदार सुटून हातात येतो.

शाईचा घोटाळा मात्र खरोखर बघण्यासारखा असतो. जांभळ्या स्केचपेनने लिहिलेला मजकूर नकोसा झाला, वरून जेसो दिला. ओला असताना पांढराशुभ्र. वाळू लागला की आतून गुलाबीसर छटा वर येते. दुसरा हात द्या, तोही गुलाबी. तिसऱ्या हातापर्यंत माणूस जेसोच्या डबीला दोष द्यायला लागतो. डबीचा काही दोष नसतो. स्केचपेनची शाई पाण्यात विरघळणारी, जेसोतही पाणी. ती त्यात विरघळते आणि पाणी वर सरकत उडून जाताना तिलाही सोबत आणते. आणखी हात म्हणजे आणखी पाणी. बॉलपेन आणि अल्कोहोल मार्करही असेच खालून डोकावतात. यावर सरळ उपाय म्हणजे तेवढ्या भागावर जाड कागदाचा तुकडा ग्लू स्टिकने चिकटवायचा. आणि नवं पेन पानावर आणण्याआधी शेवटच्या पानावर चार अक्षरं लिहा, पूर्ण वाळू द्या, ओला इअरबड फिरवा. कापसाला रंग लागला तर ते पेन सर्वांत वरच्या थरासाठीच. फोटोंचंही तसंच आहे. घरच्या इंकजेटवरची प्रिंट ओल्या गोंदाखाली बऱ्याचदा पसरते, झेरॉक्सची पसरत नाही, कारण तिथे शाई नसते, उष्णतेने कागदावर वितळवलेला टोनर असतो.

पोस्टर कलर आणि अ‍ॅक्रेलिक दुकानात शेजारीशेजारी असतात, म्हणून एकच समजले जातात. अ‍ॅक्रेलिक वाळलं की पाण्याने परत सुटत नाही. पोस्टर कलर सुटतो. त्यामुळे वाळलेल्या पोस्टर कलरवर ओला ब्रश फिरवला की खालचा थर उठतो आणि लाल-हिरव्याचा मातकट चिखल होतो.

अ‍ॅक्रेलिकची खोड निराळी. हाताला अर्ध्या तासात कोरडं लागतं, पण आतून पक्कं व्हायला कित्येक दिवस घेतं; आणि पक्कं झाल्यावरही उकाड्यात मऊ पडतं. कोकणातला किंवा मुंबईचा पाऊसकाळ, दमट हवा, वर वह्यांची चळत, की समोरासमोरची पानं एकजीव झालीच समजा. चकचकीत मीडियम (रंगात मिसळायचं किंवा वरून लावायचं अ‍ॅक्रेलिकचं पारदर्शक द्रव्य) जास्त चिकटतं, मॅट, म्हणजे बिनचमकीचं, कमी. मध्ये बटर पेपर घाला आणि वही आडवी न दडपता उभी ठेवा. हेअर ड्रायरने घाई करायचीच असेल तर वीतभर लांबून, हलता ठेवून. फार जवळून जाड थरावर मारला की वर साय धरते, खाली ओल राहते आणि फोड येतात.

म्हणून पान बिघडलं की आधी रंगाची डबी बंद करा. पानामागे दोन ओळी लिहा: कागद कोणता, पेन कोणतं, दोन थरांत किती वेळ गेला. पेन्सिलने लिहा, नाहीतर पुढच्या जेसोतून तीच नोंद निळी होऊन वर येईल.