सोनाबादला कोण कोण चाललंय?

आज आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मुलांचं प्रदर्शन होतं. सुट्टीतल्या शिबिराचा समारोप, विषय 'माझा आदर्श देश'. आठवी-नववीची पोरं, चार्टपेपर, स्केचपेनं, मागे उभे राहून चुका दुरुस्त करणारे आईबाप, सगळं नेहमीचं. पहिलं बक्षीस सोनाबाद नावाच्या राज्याला मिळालं. वाळवंटातला देश, जमिनीखाली तेलच तेल. झेंडा हिरवा-सोनेरी. लोकसंख्या दहा लाख. कर शून्य. वीज, पाणी, शाळा, दवाखाना फुकट. लग्न झालं की सरकारकडून बंगला. आणि सगळ्यात खाली, निवडणुका: 'गरज नाही, राजा चांगला आहे.'

मी तिथल्या मुलीला विचारलं, "रस्ते कोण झाडणार गं तुमच्याकडे?"

ती तयारीचीच होती. "बाहेरून कामगार येतील ना काकू, आम्ही व्हिसा देणार."

"मग त्यांनाही बंगला?"

"नाही, ते सोनाबादचे नाहीत ना."

तिच्यावर माझा काडीचाही राग नाही. खरं तर आखातातल्या राज्यांचा कारभार तिने जेवढा नेमका सांगितला तेवढा मोठ्यांनाही सांगता येत नाही. राग आला तो परीक्षकांचा. निवृत्त, वजनदार गृहस्थ. माइक हातात घेऊन म्हणाले, "आपल्याला नेमकं हेच हवंय! पाच वर्षं असा एक राजा द्या, पुणं सुतासारखं सरळ होईल." आणि टाळ्या! मिळकतकरातली चाळीस टक्के सवलत जाऊ नये म्हणून पीटी-३ फॉर्मसाठी रांगा लावणारी, तिथे कारकुनाशी हमरीतुमरीवर येणारी आपली माणसं, राजा म्हटल्यावर टाळ्या वाजवत होती.

अहो, सोनाबाद निघालं तर तुमचं नाव कुठल्या यादीत असेल हे ठाऊक आहे का? त्या दहा लाखांत आपण नसतो हो. आपण व्हिसावाल्यांत असतो.

माझा मामा होता. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालेला, पिंपरीत कंत्राटावर कामं करायचा. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका एजंटाला पैसे चारून कुवेतला गेला. उतरल्या दिवशी कंपनीने पासपोर्ट काढून घेतला आणि ऑफिसच्या कपाटात ठेवला. कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा अकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना. तो म्हणेल तेव्हा सुट्टी, तो म्हणेल तेव्हा मायदेश, नोकरी बदलायची तर त्याचीच परवानगी. १९८७ साली आजोबा गेले. इथून तार गेली. मामाने सुट्टी मागितली, तर कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो साहेब म्हणाला, करार पूर्ण कर, मग जा. मामा आला तोवर आजोबांचं वर्षश्राद्धही उरकलं होतं.

त्या दिवसांत त्याने एक कॅसेट पाठवली होती. तेव्हा आखातातली माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची, आठवत असेल काहींना. आईने ती अजून जपून ठेवलीय. मामा बोलायला लागतो, "आईला सांगा...", थांबतो. मग बराच वेळ एसीची घरघर. मग मागून कोणीतरी मल्याळममध्ये हाक मारतं आणि खटका दाबल्याचा आवाज येतो. दुसरी बाजू कोरी.

ठीक आहे, मान्य. त्याच दिनारांवर धनकवडीचा फ्लॅट झाला आणि माझे दोन्ही मामेभाऊ इंजिनिअर झाले. तो स्वतः कधी कुवेतला नावं ठेवायचा नाही. पण त्याने ठेवली नाहीत म्हणून मीही ठेवू नयेत असं कुठे आहे?

आता त्या 'कर शून्य'बद्दल. कुवेतमध्ये तेल सापडलं १९३८ साली, जहाजात भरून विकायला सुरुवात झाली १९४६ला. त्याआधी मोती काढायचे, गलबतं बांधायची आणि मुंबईशी व्यापार करायचे. १९६१पर्यंत तर तिथे आपला रुपया चालायचा (शेवटची दोन वर्षं आखातासाठी वेगळा छापलेला, पण रुपयाच). मग सगळं बदललं. तेलाचा पैसा थेट सरकारच्या तिजोरीत, तिथून नागरिकांना नोकऱ्या, घरं, स्वस्त वीज. ज्याला तुमच्या खिशातून काही घ्यायचंच नाही त्याला तुम्हाला हिशोब द्यायची गरज काय? राजा देतो तोवर घ्यायचं, द्यायचा थांबला की गप्प बसायचं. आणि थांबतात हो. २०२०मध्ये तेल कोसळलं तर सौदीने एका फटक्यात व्हॅट पाच टक्क्यांवरून पंधरा केला. लोकांना कोणी विचारलं? ओमानने तर २०२८पासून मोठ्या उत्पन्नांवर प्राप्तिकर लावायचं फर्मान काढलंय. म्हणजे कर आला, मत नाही आलं.

त्यातल्या त्यात कुवेत बरं, असं लोक म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. १९६२ची राज्यघटना, निवडून आलेली संसद, मंत्र्यांना उभं करून घाम फोडणारे खासदार, आखातात हे अपूर्वच. बायकांना मत द्यायला मात्र २००५ उजाडलं. आणि ती संसद अमिरांच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, मर्जीवर. १९७६ला गुंडाळली, १९८६ला गुंडाळली. परवाचंच घ्या ना, एप्रिल २०२४मध्ये लोकांनी मतं देऊन नवी संसद निवडली, मे महिन्यात अमिरांनी ती बरखास्त केली. पहिली बैठकसुद्धा झाली नव्हती! घटनेतली काही कलमंही चार वर्षांपर्यंत बाजूला ठेवली. त्यानंतर हजारो लोकांचं नागरिकत्वच काढून घेतलं, त्यात लग्न होऊन तिथल्या झालेल्या कितीतरी बायका. काल सोनाबादच्या, आज कुठल्याच नाहीत. सुतासारखं सरळ म्हणतात ते हेच असेल बहुधा.

मामाकडे परत येते, कारण खरी गंमत पुढेच आहे.

२ ऑगस्ट १९९०. पहाटे सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. अमीर आणि राजघराणं सौदीत निघून गेलं. (अमिरांचा एक भाऊ राजवाड्यापाशी लढताना मारला गेला, तेवढं श्रेय द्यायला हवं.) मामाच्या कंपनीचा साहेबही पळाला. मग पोरांनी ऑफिस फोडलं, कपाट फोडलं आणि आपापले पासपोर्ट शोधून काढले. मामाच्या हाती स्वतःचा पासपोर्ट यायला एक युद्ध लागलं. हे तो हसत सांगायचा, आम्हाला कधी हसू आलं नाही.

बसरा, बगदाद आणि मग जॉर्डनच्या सीमेवर वाळूत तंबू. जन्माची कमाई दिनारांत आणि दिनाराला कोणी विचारेना. तिथून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाचं विमान. फुकट. जवळजवळ एक लाख सत्तर हजार माणसं अशी आणली आपल्या देशाने. कुठल्या राजाने? व्ही. पी. सिंगांच्या सरकारने! दोन टेकूंवर उभं असलेलं अल्पमतातलं सरकार, मंडलवरून रस्ते पेटलेले, तिजोरीत परकीय चलनाचा खडखडाट. परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन सद्दामला मिठी मारून आले आणि जगभर टीका झाली. त्या सरकारमध्ये नावं ठेवण्यासारखं पुष्कळ होतं, माझ्या वडिलांनी ती भरपूर ठेवलीही, आणि नोव्हेंबरात ते पडलं. पण कुवेतमध्ये अडकलेल्या प्रत्येक माणसामागे इथे एक घर होतं, आणि त्या घरातली माणसं मत देणार होती. मामाचा शोध घ्यायला माझी आई आमच्या आमदाराच्या दारात जाऊन बसली होती. त्याने काय दिवे लावले देव जाणे, पण दार तर होतं!

सोनाबादमध्ये कोणाच्या दारात बसायचं?

लांब कशाला जा. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ पुण्याला नगरसेवकच नव्हता, सगळा कारभार एकट्या प्रशासकाकडे. म्हणजे निवडणुका नाहीत, वादावादी नाही, त्या परीक्षक गृहस्थांच्या मनासारखंच सगळं. झालं का पुणं सरळ? सिंहगड रोडचे खड्डे बुजले का? टँकर थांबले का? उलट शिव्या घालायलाही माणूस उरला नव्हता. नगरसेवक खातात म्हणता, खात असतील. निदान पाच वर्षांनी हात जोडून जिन्यातून वर येतात की नाही?

आता कोणीतरी नॉर्वे काढेलच, म्हणून मीच काढते. तिथेही राजा आहे, तेलही आहे, आणि देश नमुनेदार आहे. पण तिथे तेल मिळालं १९६९ला आणि संसद १८१४पासूनची. तेल कंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्के कर, लोकांवरही घसघशीत कर, आणि तेलाचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी साठवलेला. राजाला विचारतो कोण तिथे? असं सोनाबाद चालेल मला. फक्त त्यात 'कर शून्य' नाही, मग टाळ्या वाजतील का?

लिहिता लिहिता राग थोडा निवलाय. ती पोरगी हुशार आहे, सगळी माहिती स्वतः शोधली होती. निघताना मी तिला म्हटलं, त्या कामगारांपैकी एक माझा मामा होता. तिने क्षणभर चार्टकडे पाहिलं आणि विचारलं, "मग त्यांनाही घर द्यायचं का? पण मग तेल पुरेल का?" हा प्रश्न परीक्षकांना नाही हो सुचला. जून २०२४मध्ये कुवेतमध्येच मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली, दाटीवाटीने राहणारी ४०हून अधिक भारतीय माणसं गेली. बातमी आली तेव्हा याच सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या इमोजी पडल्या होत्या. त्याच ग्रुपवर त्याच्या खालोखाल घरकामाच्या बायकांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी, अशी सूचना होती. आपल्याला सोनाबाद आवडतं यात नवल ते काय.

कमेंटमध्ये 'ताई, तुम्ही दुबई पाहिलीय का' असं विचारणाऱ्यांसाठी: पाहिलीय. रस्ते उत्तम, मॉल उत्तम, रात्री बाराला बाई एकटी फिरू शकते, हेही उत्तम. टॅक्सीवाला पेशावरचा होता, पोरीचं तोंड पाहून दोन वर्षं झाली होती त्याला.

आणि हो, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता सोसायटीची वार्षिक सभा आहे. दरवर्षी कोरम नाही म्हणून तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच आठ टाळक्यांत पुन्हा भरते. आज टाळ्या वाजवणारे किमान साठ जण मी मोजलेत. नावानिशी सांगू शकते. या.