दोन घरचा पाहुणा, तीन निळी पुस्तकं

सिनेमात ज्याच्याकडे दोन पासपोर्ट असतात तो हेर असतो. बँकेच्या लॉकरमध्ये, नोटांच्या बंडलांशेजारी तो ते ठेवतो आणि वेळ आली की दुसराच माणूस होऊन विमानात बसतो. माझे दोन पासपोर्ट लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानातून फुकट मिळालेल्या चेनच्या पिशवीत असतात. त्यांच्या जोरावर मला दुसरं कुणी होता आलेलं नाही. उलट, मी तीच आहे हे पटवून देण्यातच माझा निम्मा प्रवास संपतो.

हे दोन आले कुठून ते आधी सांगते, कारण नातेवाइकांत याबद्दल भलभलत्या समजुती आहेत. लग्नानंतर आम्ही पुण्याहून कॅनडात, मिसिसागाला गेलो. तिथलं नागरिकत्व घेताना राणी एलिझाबेथ, तिचे वारस आणि त्यांच्यामागून गादीवर येतील ते सगळे, यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागली. आमचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला जाऊन आलेले. मी ती शपथ पुटपुटत उरकली. पुढे नवऱ्याच्या नोकरीने आम्हाला न्यू जर्सीत आणून टाकलं आणि काही वर्षांनी अमेरिकेची शपथ आली. तिच्यात म्हणायचं असतं की, आजवर ज्या कुठल्या परक्या राजाशी, राजपुत्राशी किंवा सत्तेशी इमान राखलं असेल, ते मी पूर्णपणे सोडून देते. ही मात्र मी खणखणीत आवाजात घेतली. आजोबांचं थोडं ऋण फिटलं.

एवढं 'सोडते, सोडते' म्हणूनही कॅनडाने माझं नाव काही कमी केलं नाही. १९७७ पासून त्यांच्या कायद्याला दुसरं नागरिकत्व चालतं. अमेरिकाही शपथ ऐकून घेते, हातात छोटा झेंडा देते, आणि जुन्या पासपोर्टचं काय केलंत ते विचारत नाही. भारताचं तसं नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपखुशीने घेतलं की भारताचं संपलं. अर्जबिर्ज काही नाही, आपोआप. पासपोर्ट जमा करायचा, तो रद्द झाल्याचा दाखला घ्यायचा, आणि तो दाखला जोडून ओसीआय कार्डासाठी, म्हणजे मूळच्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या कार्डासाठी, रांगेत उभं राहायचं.

या ओसीआयने सगळा घोळ केला आहे. सदाशिव पेठेतली माझी मावशी लग्नकार्यात ओळख करून देताना हमखास म्हणते, "हिच्याकडे ड्युअल आहे हो, भारताचं आणि तिकडचं." तिचाही दोष नाही. २००३ साली पहिल्या प्रवासी भारतीय दिवसाला वाजपेयींनी दुहेरी नागरिकत्वाची घोषणा केली, ती तिने टीव्हीवर स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. प्रत्यक्षात जे हातात पडलं त्यात मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नाव मात्र भारदस्त, 'भारताचे परदेशस्थ नागरिक'. २०१५ च्या दुरुस्तीत कायद्याने त्यापुढे 'कार्डधारक' असा शब्द जोडला आणि आम्ही रेशनच्या रांगेत आल्यासारखे वाटू लागलो.

तेव्हा हिशेब असा, की पासपोर्ट दोन आणि ओसीआयचं पुस्तक तिसरं. त्यात ही तिन्ही पुस्तकं निळी. अमेरिकेचं गडद निळं, वर सोनेरी गरुड. कॅनडाचं गडद निळं, वर सोनेरी सिंह आणि एकशिंगी घोडा. ओसीआयचं जरा करड्याकडे झुकणारं, पण विमानतळाच्या पिवळट उजेडात तेही निळंच, वर आपले अशोकस्तंभाचे सिंह. घरात माणसं चार. म्हणजे पिशवीत बारा निळी पुस्तकं, आणि मागे रांगेत उसासे टाकणारे दीडशे लोक. यावर उपाय म्हणून मी तुळशीबागेतून खणाची कव्हरं आणली. अमेरिकेला हिरवं, कॅनडाला जांभळं, ओसीआयला गुलबक्षी. घरी टेबलावर मांडली तेव्हा रुखवतासारखी दिसली. विमानतळावर पहिल्याच खिडकीतून आवाज आला, "कव्हरं काढा." तेव्हापासून पिशवीत बारा निळी पुस्तकं आणि बारा रिकामी कव्हरं असतात.

दोन पासपोर्टवाल्याला कुठेही घुसता येत असेल असं लोकांना वाटतं. खरा प्रश्न घुसण्याचा नसतोच, कुठल्या खिडकीत काय दाखवायचं याचा असतो. अमेरिकेचा नियम सरळ आहे : तुम्ही आमचे नागरिक, तर येताना-जाताना आमचाच पासपोर्ट. कॅनडानेही २०१६ साली दुहेरी नागरिकांना विमानाने येताना कॅनडाचाच पासपोर्ट बंधनकारक केला, पण अमेरिकेच्या नागरिकांना त्यातून वगळलं. त्यामुळे टोरंटोला नणंदेकडे जाताना मी अमेरिकेचा पासपोर्ट दाखवते आणि चालून जातं. थोडक्यात, कॅनडाचा पासपोर्ट मला कॅनडात जायला लागत नाही. तो लागतो पुण्याला जायला.

कारण माझं ओसीआय कॅनडाच्या पासपोर्टच्या नंबरावर आहे. ते काढलं तेव्हा माझ्याकडे तेवढा एकच पासपोर्ट होता. "मग अमेरिकेच्या नंबरावर करून घे की," असं सगळे सांगतात, जणू गॅसचा नंबर बदलून घ्यायचा आहे. कॅनडाच्या कागदांत माझ्या मधल्या नावात वडील 'दत्तात्रय' आहेत. अमेरिकेच्या कागदांत कुठल्याशा कचेरीतल्या कुणा उदार माणसाने त्यांना शेवटी एक 'ए' जास्तीचा बहाल केला. त्या एका अक्षरापायी हे दोघे दत्तात्रय एकच गृहस्थ आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला तीन शिरं आहेत असं लिहून दे, म्हणजे कुणाला शंका यायची नाही."

आता नेवार्कचा चेक-इन काउंटर. घरबसल्या चेक-इन आमच्या नशिबी नाही. ॲप अर्ध्यावर थबकतं आणि 'कागदपत्रं काउंटरवर दाखवा' म्हणतं. काउंटरवरच्या मुलीला जाणून घ्यायचं असतं एवढंच, की हिला मुंबईत उतरू देतील का. नाही दिलं तर परत आणण्याचा भुर्दंड विमान कंपनीला. म्हणून तिला कॅनडाचा पासपोर्ट आणि ओसीआय द्यायचं. पण अमेरिकेतून बाहेर पडताना इमिग्रेशनची खिडकीच नसते, कोण गेलं त्याची यादी विमान कंपनीच सरकारला पाठवते. त्या यादीत मी अमेरिकेची म्हणून असायला हवी, म्हणून तिला अमेरिकेचाही द्यायचा. तिच्या पडद्यावर पासपोर्टसाठी चौकट एकच. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघते. मग ती ओसीआय उचलून विचारते, "हा तुमचा भारताचा पासपोर्ट ना?" इथे भारताच्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगायला घेतलं तर विमान जातं. मी नुसतं हसते. ती वरिष्ठांना फोन लावते. मुलं बॅगांवर बसून चकल्या खायला लागतात.

एकदा वाटेत पॅरिसला चार दिवस उतरायची हौस नवऱ्याला आली. "दोन-दोन पासपोर्ट आहेत, करायचे काय?" युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून शिक्के जाऊन बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद सुरू झाली आहे, आणि ज्या पासपोर्टवर आत गेलात त्यावरच बाहेर पडावं लागतं. आता पॅरिसला कुठला दाखवायचा, यावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी मुलीच्या शाळा-प्रवेशावर झाली नव्हती. शेवटी आयफेल टॉवर बघताना मी एका हाताने पिशवी पोटाशी धरून होते. फोटोत मी पोट दुखत असल्यासारखी दिसते.

मुंबईला मात्र मला आवडतं. पहाटे दोन-तीनची वेळ, खिडकीत डोळे चोळत बसलेले साहेब.

"कुठून आलात?"

"नेवार्क. अमेरिका."

"पासपोर्ट तर कॅनडाचा आहे."

"हो."

"राहता कुठे?"

"न्यू जर्सीत."

"मग तिथलं ग्रीन कार्ड?"

"नाही, तिथला पासपोर्ट आहे."

साहेब खुर्चीत सरळ होतात. दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवतात, पानं उलटतात, आणि जन्मस्थळावर बोट थांबतं. "मूळच्या पुण्याच्या? मग आधीच सांगायचं ना मॅडम." शिक्का पडतो.

याच जन्मस्थळावरून मावशीने दोन्ही देशांची कायमची प्रतवारी लावून टाकली आहे. कॅनडा जन्मगाव छापतो, त्यामुळे माझ्या तिथल्या पासपोर्टवर 'पुणे' आहे. अमेरिका परदेशात जन्मलेल्यांचा फक्त देश छापते, त्यामुळे तिथे नुसतं 'इंडिया'. मावशीने चष्मा लावून दोन्ही पाहिले आणि अमेरिकेचा माझ्या हातात परत देत म्हणाली, "अगं, यांना पुणं माहीत नाही. महासत्ता कसली डोंबलाची!"

माझ्या मडगावच्या मैत्रिणीला या सगळ्याचं हसू येतं. तिचे आजोबा गोव्यात जन्मले तेव्हा तिथे पोर्तुगीज राज्य होतं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगाल आपल्यात धरतो. त्यामुळे आजोबा, वडील आणि मग ही, अशा ओळीने लिस्बनमध्ये जन्मनोंदी लागत गेल्या आणि हिला युरोपचा पासपोर्ट मिळाला. भारताचा तिलाही सोडावा लागलाच. पण माझ्यासारखी ना राणीला शपथ, ना राणीविरुद्ध शपथ. आजोबांनी वेळेवर जन्म घेतला, बाकी कष्ट नाहीत. माझे आजोबा बिचारे येरवड्यात बसले.

चुलतभाऊ व्यवहारी आहे. तो म्हणतो, "एवढा ताप होतो तर एक सोडून दे." सोडणंही फुकट नसतं. अमेरिकेने नागरिकत्व सोडायची फी २०१४ साली ४५० डॉलरवरून २,३५० डॉलरवर नेली होती. शिवाय अमेरिका आपल्या नागरिकांकडून, ते जगात कुठेही राहिले तरी, करविवरण मागते. बोरिस जॉन्सन न्यूयॉर्कमध्ये जन्मले एवढ्या कारणाने अमेरिकेचे नागरिक होते. लंडनमधलं त्यांचं घर विकलं गेलं आणि त्यावरचा कर अमेरिकेने मागितला. २०१६ साली त्यांनी ते नागरिकत्व सोडलं. कॅनडाचं सोडणं त्यामानाने फार स्वस्त आहे, पण ते सोडलं की माझं ओसीआय लटकलं. मग परत दोन दत्तात्रय, परत प्रतिज्ञापत्र.

म्हणून तूर्तास काहीही सोडायचं नाही, असं ठरलं आहे. कॅनडाच्या पासपोर्टची मुदत संपत आल्यामुळे त्याच्या फोटोसाठी परवा एडिसनला ओक ट्री रोडवर गेले. अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच चौकोनी फोटो लागतो, ओसीआयलाही चौकोनी. कॅनडाला ५० बाय ७० मिलिमीटरचा लागतो, त्यात हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहरा ३१ ते ३६ मिलिमीटर, मागे स्टुडिओचं नाव, पत्ता आणि तारीख. दुकानातल्या गुजराती काकांनी कॅमेरा लावता लावता विचारलं, "बेन, कुठला देश?"

"कॅनडा."

"कॅनडा जायचंय?"

"नाही. पुण्याला."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "हसू नका. तोंड बंद."