बिलाखालची ती ओळ

परवा सिंकखालचं कपाट आवरायला काढलं. फरशी पुसायच्या लिक्विडच्या सात बाटल्या निघाल्या. सात! घरात माणसं चार आणि आमच्याकडे महिन्याला एक बाटलीसुद्धा धड संपत नाही. एकीचं झाकण सैल राहिलं होतं, त्यातून गळून गळून कपाटाच्या तळाला हिरवा चिकट थर साचला होता. त्या थरात एक कागद रुतून बसला होता. नखाने खरवडून काढला तर कूपन. 'पुढच्या खरेदीवर २० टक्के सूट.' मुदत संपून वर्ष उलटलेलं.

मी तिथेच फतकल मारून बसले आणि हसत सुटले. नवरा डोकावला, बाटल्यांकडे बघून म्हणाला, "दुकान टाकतेस की काय?" आणि चहा घ्यायला गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नातेवाइकांत आणि मैत्रिणींत मी 'कूपनवाली' आहे. कुणाला काही घ्यायचं असलं की आधी मला विचारणार, "काही कोड आहे का गं?" आणि माझ्याकडे असतोच. फोनमध्ये पाच दुकानांची ॲप, पर्सच्या मधल्या कप्प्यात रबरबँड लावलेला गठ्ठा. बिल हातात आलं की माझी नजर आधी तळाशी जायची, 'आज तुमची बचत' या ओळीवर. तो आकडा घरी येऊन दोनदा तरी वाचून दाखवायचे. परीक्षेचा निकाल लागल्यासारखा.

ती ओळ दुकान लिहितं, हे माझ्या डोक्यात शिरायला काही वर्षं जावी लागली. छापील किमतीतून आपण दिलेले पैसे वजा केले की दुकानाची 'बचत' तयार. ती वस्तू मला मुळात हवी होती का, हा प्रश्न त्या वजाबाकीत कुठेच येत नाही. सात बाटल्यांच्या सात बिलांवर माझी बचत छापून आलेली असणार. आणि पैसे मात्र कपाटाच्या तळाला चिकटलेत.

ती ओळ कळल्यावर, कपाट उघडायच्या कितीतरी आधी, मी एक उद्योग केला होता. सासूबाईंची हिशोबाची वही आहे, तिच्या मागच्या पानांवर तीन महिने प्रत्येक वापरलेल्या कूपनासमोर एक अक्षर लिहिलं. 'घ' म्हणजे घेणारच होते. 'ल' म्हणजे घेतलं असतं पण पुढे कधीतरी, कूपनमुळे लवकर घेतलं. 'उ' म्हणजे उगाच. अट एकच, घरी आल्याबरोबर लिहायचं. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलं की प्रत्येक 'उ' साठी काहीतरी सबब सापडते आणि तो 'ल' होतो. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

तीन महिन्यांत ४१ कूपनं. 'घ' १४, 'ल' ९, 'उ' १८.

'ल' सुद्धा वाटतो तितका निरुपद्रवी नाही बरं का. शाम्पूची एकच बाटली उरली असेल तर आमची लेक तळाशी पाणी घालून, उलटी करून, हलवून आणखी चार दिवस काढते. कपाटात तीन बाटल्या दिसल्या की तीच मुलगी ओंजळभर ओतते. आधी घेऊन ठेवलेली वस्तू तितकेच दिवस पुरते असं आपण धरून चालतो. ती तशी पुरत नाही.

पण मला खरी गंमत पुढे कळली. मी 'उ' ला माझी चूक समजत होते. नीट विचार केला तर कूपन काढलेलं असतं तेच मुळी 'उ' साठी. कंपनीच्या जागी बसून बघा. मी एकाच कंपनीची टूथपेस्ट दहा वर्षं घेतेय, पुढेही घेणार आहे. मला सूट देऊन कंपनीला काय मिळालं? पदरचे पैसे गेले. तिला कूपन द्यायचंय ते टूथपेस्ट दुसऱ्याची घेणाऱ्याला, किंवा एकाऐवजी तीन घेईल अशा बाईला. म्हणून तर माझ्या नेहमीच्या धुण्याच्या पावडरीवर कूपन क्वचितच येतं आणि मी कधी हातही न लावलेल्या वस्तूंवर रोज येतं. तिला 'उ' हवा असतो, मला 'घ'. आमचं दोघींचं भांडण आहे ते एवढंच, आणि ते कायमचं आहे.

हे काही आजचं नाही. कूपनाचा पहिला मोठा प्रयोग म्हणून कोका-कोलाचं नाव घेतात. १८८७ च्या सुमारास अमेरिकेत त्यांनी एक ग्लास फुकट देणारी तिकिटं वाटायला सुरुवात केली. १८९४ ते १९१३ या काळात अंदाजे ८५ लाख ग्लास असे फुकट पाजले गेले. पेय नवं होतं, ते 'घेणारच होते' असं म्हणणारा माणूसच अजून जन्माला यायचा होता. तो जन्माला घालायचं काम त्या तिकिटाचं. म्हणजे पहिल्या कूपनापासून हिशोब 'उ' चाच आहे.

अर्थशास्त्रवाले याची आणखी एक बाजू सांगतात. कूपन म्हणजे चाळणी. एकाच वस्तूला काही लोक पूर्ण किंमत द्यायला तयार असतात, काही नसतात. दुकानदाराला चेहरा बघून दर लावता येत नाही. मग तो कात्री आणि वेळ मधे ठेवतो. ज्याला पैशाची फिकीर आहे तो कूपन शोधेल, कापेल, जपेल, आणतानाही विसरणार नाही. ज्याला नाही तो पूर्ण किंमत देऊन जाईल. म्हणून कूपन मुद्दामच थोडं त्रासाचं ठेवतात. सगळ्यांनाच सहज मिळालं तर चाळणीचा उपयोग काय? तेव्हा कूपन काढताना मागे रांग खोळंबली म्हणून लाजू नका. तुम्ही तुमच्या वेळेचे पैसे घेताय.

आता म्हणाल, मग कूपनं बंद करून सरळ भाव कमी का करत नाहीत? केले होते एकांनी. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या जेसीपेनी या जुन्या दुकानसाखळीने हे धाडस केलं. ॲपलच्या दुकानांमुळे नाव झालेले रॉन जॉन्सन तिथे प्रमुख म्हणून आले होते. त्यांनी कूपनं आणि सततचे सेल बंद केले आणि रोजच्या किमतीच खाली आणल्या. सरळ, सोपा भाव. त्या वर्षात विक्री साधारण २५ टक्क्यांनी घसरली, एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं आणि कूपनं परत आली. हे वाचलं तेव्हा मला त्या गिऱ्हाइकांची कीव यायला हवी होती. आली नाही, कारण मीही तेच केलं असतं. कमी भावात मिळालेली वस्तू आणि 'कमी करून' मिळालेली वस्तू यात दुसरीची चव वेगळी. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्येच हे मांडून ठेवलंय (पुढे २०१७ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं): वस्तूचा उपयोग होतो तो आनंद निराळा आणि सौदा चांगला जमला याचा आनंद निराळा. माझ्या सात बाटल्या दुसऱ्या आनंदाच्या आहेत. पहिल्यासाठी एक पुरली असती.

शिक्क्यांची कार्डं माहितीयत ना? इतक्या वेळा या, मग एकदा फुकट. गाडी धुण्याच्या एका केंद्रावर संशोधकांनी ३०० गिऱ्हाइकांना अशी कार्डं वाटली. अर्ध्यांना आठ रिकाम्या घरांचं कार्ड, अर्ध्यांना दहा घरांचं, पण त्यात दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही यायचंय आठच वेळा. पहिल्या गटात १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यात ३४ टक्क्यांनी. दोन फुकटचे शिक्के आणि माणूस धावत सुटतो. नवीन ॲप उघडल्याबरोबर 'तुमच्या खात्यात ५० पॉइंट जमा' का येतं, ते यावरून ओळखा.

आणि 'अमुक रकमेच्या वर खरेदी केल्यास' ही अट! माझे निम्मे 'उ' इथले. टोपलीत ८८ चा माल, १०० च्या वर गेलं की १० सूट. मग मी ओळींमधून काहीतरी पंधराचं शोधत फिरते. १०३ होतात, सूट जाऊन ९३ देते, म्हणजे न हवी असलेली वस्तू घेण्यासाठी पाच जादा मोजते, आणि बिलावर माझी बचत १०. हे मी गणित येत असूनही केलंय. एकदा नव्हे.

गणिताचं निघालंच आहे तर दोन-तीन गोष्टी, ज्या मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. एकावर एक फुकट म्हणजे ५० टक्के सूट, पण दोनावर एक फुकट म्हणजे ३३ च, आणि त्यासाठी तीन नग घरी न्यावे लागतात. 'त्याच किमतीत ५० टक्के जास्त' ऐकायला भरघोस वाटतं, तेही ३३ टक्केच. २० टक्के आणि वर आणखी १० टक्के म्हणजे ३० नव्हे, २८. ठरावीक रकमेचं कूपन असेल आणि अटीत बसत असेल तर ते सगळ्यात लहान पाकिटावर लावून बघा. तीच रक्कम लहान किमतीत जास्त टक्के होते. मात्र शेवटी ग्रॅमला किंवा मिलिलिटरला काय पडलं ते भागून बघायचंच, कारण मोठं पाकीट दरवेळी स्वस्त असतं हा समज मी स्वतः मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अनेकदा खोटा ठरवलाय. टक्क्यांचं आणि ठरावीक रकमेचं अशी दोन्ही कूपनं एकत्र चालत असतील तर टक्क्यांचं आधी लावून घ्या. १०० वर आधी २० टक्के मग १० वजा केले तर ७० होतात, उलट केलं तर ७२. मशीन ऐकत नसेल तर प्रश्नच मिटला.

बाकी 'पूर्वीची किंमत' म्हणून खोडलेला आकडा असतो, त्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. युरोपियन युनियनने २०२२ पासून नियमच लागू केला, सूट जाहीर करायची तर आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवा म्हणून. आधी वाढवायची आणि मग कमी करायची, ही खोड मोडायला कायदा लागला. माझा कायदा म्हणजे वहीचं एक पान, नेहमीच्या वीसेक वस्तू आणि मी शेवटी दिलेला भाव. कूपन आलं की आधी पान बघायचं.

मी कूपनं सोडली नाहीत हं. फक्त क्रम उलटा केला. आधी यादी, तीही घरात, डबे उघडून बघून. मग यादीतल्या वस्तूंची कूपनं शोधायची. ॲपच्या सूचना बंद. ऑनलाइन घ्यायचं असेल तर वस्तू टोपलीत टाकून दोन दिवस तशीच सोडते. कधीकधी 'काहीतरी विसरलात का?' म्हणून कोड येतो, आणि कधीकधी दोन दिवसांत मलाच ती वस्तू नको वाटते. दोन्हीकडून फायदा. आणि ज्या वस्तूंत मला खरोखर फरक कळत नाही, भांड्यांचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या, तिथे मी कंपनीशी निष्ठा वगैरे ठेवत नाही. जिचं कूपन तिची पिशवी.

आता मनात सलणारी गोष्ट. मागच्या महिन्यात सासूबाई माझ्याबरोबर दुकानात आल्या होत्या. त्यांनी वर्तमानपत्रातलं साबणाचं कूपन कापून आणलं होतं, नखं कापायच्या छोट्या कात्रीने, कडा अगदी सरळ. चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलेलं. काउंटरवरच्या मुलाने ते उलटसुलट केलं आणि म्हणाला, "आजी, आता फक्त ॲपवरच मिळतं." त्यावर बारीक अक्षरात तसं छापलंही होतं म्हणे. मी माझा फोन काढेपर्यंत त्यांनी कूपनाची परत तशीच घडी केली, डबीत ठेवली आणि पूर्ण पैसे दिले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आई, अहो, माझ्या फोनवर झालं असतं." तर म्हणाल्या, "असू दे गं. साबण तर लागणारच होता."

साबण लागणारच होता. म्हणजे 'घ'. आयुष्यात त्यांनी एकही 'उ' घेतला नसेल. पूर्वी चाळणी वेळेची होती, आणि वेळ त्यांच्याकडे होता. आता चाळणी फोनची, पासवर्डची, 'अटी मान्य' वर बोट टेकवण्याची झालीय. मी काय घेते, कधी घेते, किती घेते हे सगळं त्या ॲपला देऊन मी सूट मिळवते. ज्यांना त्या सुटीची खरी गरज आहे आणि जे एक वस्तू जास्त नेणार नाहीत, तेच नेमके चाळणीच्या दुसऱ्या बाजूला राहतात. कंपनीच्या बाजूने बघितलं तर हे बिनचूक चाललंय. मला त्याचाच राग येतो.

त्या दिवसापासून निघताना सासूबाईंची चष्म्याची डबी उघडून बघते. त्यात असेल ते आधी माझ्या फोनवर शोधायचं, मिळालं तर यादीत लिहायचं. गेल्या आठवड्यात तीन होती, दोन मिळाली. वहीत दोन्हीसमोर 'घ' त्यांनी स्वतः लिहिला, माझ्यापेक्षा सुंदर अक्षरात.

आणि हो, फरशीचं लिक्विड कुणाला हवंय का? सातातल्या चार बाटल्या देऊन टाकायच्यात. सैल झाकणाची मी ठेवतेय.