‘नुसत्या मिश्या बदलल्या’ म्हणणाऱ्यांना

सतीश शाह 25 ऑक्टोबर 2025 रोजी गेले आणि आठवणींच्या गर्दीत एक मत फॉरवर्ड होत राहिलं: माणूस गमतीदार, पण नट म्हणून काय? गाजला तो प्रेत होऊन, मग दर आठवड्याला मिशी बदलून, शेवटी ‘साराभाई’ मालिकेतला इंद्रवदन म्हणून स्वतःच वावरून. वर शेपूट, की अंत्यसंस्काराला गाणी म्हणणाऱ्यांना काही वाटायला हवं होतं.

आधी प्रेत. ‘जाने भी दो यारो’मधला (1983) कमिशनर डिमेलो मेल्यावर पडून राहतो कुठे? त्याला रोलर स्केट्सवर उभा करून पळवतात, शवपेटीतून फिरवतात, साडी नेसवून महाभारताच्या रंगमंचावर द्रौपदी म्हणून आणतात. जिवंत माणसाला उचललं की अंग आपोआप मदत करतं: मान ताठ होते, हात आधार शोधतो, वजन उचलणाऱ्याकडे सरकतं. ती मदत दिसली की विनोद संपला. उलट अंग पूर्ण सोडलं, तर चाकांवर उभं राहणार कसं? तोल सगळा घोट्यांत आणि पोटऱ्यांत धरायचा, कमरेच्या वर मात्र पोतं. श्वास छाती न हलवता, पोटातून, उथळ. करून बघा, दोन मिनिटं पुरेत.

मिशांचा मुद्दा जास्त पसरला आहे. 1984 मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘ये जो है जिंदगी’त शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी ही घरची माणसं; सतीश शाह मात्र भागागणिक नवे, अशा पन्नासहून अधिक भूमिका. लेखन हिंदी व्यंगकार शरद जोशींचं. पण अर्ध्या तासात पाहुण्याची ओळख करून द्यायला वेळ नसतो. तो दारात उभा राहिला की कोण आहे ते कळलं पाहिजे. मिशी तिथे मदतीपेक्षा अडचणच जास्त करते. स्पिरिट गम, म्हणजे मिशी चिकटवायचा डिंक, लावून तो जरा चिकट होईपर्यंत थांबावं लागतं. ओला असतानाच मिशी दाबली तर ती सरकते, दिव्यांखाली घाम आला की टोकं सुटतात. ओठाला फार लगत घट्ट बसवली, तर वरचा ओठ ओढला जाऊन ‘प’, ‘ब’, ‘म’ दबतात. आणि विनोदी वाक्याचा शेवटचा शब्द दबला की अख्खं वाक्य वाया. म्हणजे मिशी बदलली की बोलण्याची चाल नव्याने बसवायची, तीही दर भागाला.

एक कबूल. ‘मैं हूँ ना’तला (2004) थुंकी उडवणारा प्राध्यापक ही एकच गंमत ताणलेली आहे. हिंदी सिनेमाने त्यांना असं बरंच दिलं. त्यापेक्षा ‘गंमत जंमत’मधले (1987) आपले इन्स्पेक्टर फुटाणे बघावेत.

आता इंद्रवदन. ‘साराभाई वर्सेस साराभाई’ 2004 मध्ये स्टार वनवर सुरू झाली. इंद्रवदनचा मुलगा रोसेश कविता म्हणतो तेव्हा विनोद जितका कवितेत, तितकाच ऐकणाऱ्या बापाच्या चेहऱ्यावर असतो. पहिल्याच ओळीला तोंड वाकडं केलं तर चौथ्या ओळीसाठी शिल्लक काय? आधी नुसती भुवई, मग पत्नीकडे एक नजर, टोमणा सगळ्यात शेवटी. हा हिशेब ‘स्वतःच वावरून’ जमत नाही. शिवाय रत्ना पाठक शाह यांच्याशी जमलेली लय आयत्या वेळची नव्हती. नव्वदच्या दशकात झी टीव्हीवरच्या ‘फिल्मी चक्कर’मध्ये दोघं नवरा-बायकोच होते.

राहिलं गाणं. विलेपार्ल्याच्या स्मशानभूमीत ‘साराभाई’तल्या मंडळींनी मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं. एकत्र जमलो की हे गाणं म्हणायचं ही त्यांची नेहमीची रीत, हे दिग्दर्शक देवेन भोजानी यांनी लगेच सांगितलंही होतं. सगळे गप्प उभे राहिले असते, तर रोसेशला शोकगीत म्हणायला मोकळं मैदान मिळालं असतं. ते इंदूला, म्हणजे इंद्रवदनला, अजिबात परवडलं नसतं.