खुलासा: मेजर काँगने परतीचा आदेश धुडकावला नव्हता

१९६४च्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ या चित्रपटातला अमेरिकी वैमानिक मेजर काँग युद्धपिसाट होता, परत फिरण्याचा आदेश मिळूनही त्याने रशियावर बाँब टाकला, असं सध्या सांगितलं जातंय. ते चुकीचं आहे.

आदेश त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. हल्ल्याचा संदेश येताच विमानातलं सीआरएम ११४ हे यंत्र चालू होतं आणि तीन अक्षरांचा संकेत नसलेला प्रत्येक संदेश अडवतं. हवाई तळावरचा ब्रिटिश अधिकारी मँड्रेक तो संकेत शोधतो, बाकीची विमानं परततात. पण काँगच्या विमानाजवळ क्षेपणास्त्र फुटल्याने यंत्र आधीच निकामी झालेलं असतं. इंधनही गळत असतं, म्हणून तो जवळचं लक्ष्य निवडतो, आणि रशियन मात्र ठरलेल्या लक्ष्यांपाशी त्याची वाट पाहत राहतात.

सुरुवातीला तर हल्ल्याच्या आदेशावर काँगचा विश्वासच बसत नाही. तो खात्री करून घ्यायला लावतो. वेड आहे ते हल्ल्याचा आदेश परस्पर देणाऱ्या जनरल रिपरचं. काँग फक्त कर्तव्यदक्ष आहे: बाँब सोडण्याचे दरवाजे अडकल्यावर स्वतः बाँबवर बसून तारा जोडतो. त्याला माथेफिरू ठरवलं की चित्रपटातली सर्वांत भेदक टीकाच हरवते, कारण इथे विनाश घडतो तो एका निष्ठावान माणसाच्या चोख कामामुळे.