मावशी बारीक आहे, म्हणून बीपी मोजायचं नाही?

'हार्ट अटॅक हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार. शेतात राबणाऱ्याने बीपी मोजायची गरज नाही. आशाताई फॉर्म भरून नेतात, ती माहिती औषध कंपन्यांना जाते. अटॅक आलाच तर जोरजोरात खोका.' असले मेसेज मी एरवी न वाचता पुढे सरकवते. पण हा माझ्या मावशीने वाचला आणि दारात आलेल्या आशाताईंना चहा पाजून, फॉर्म न भरताच वाटेला लावलं.

खोकण्याचं आधी, कारण त्यात जीव जायचा. अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, ती खोकून सुटत नाही. घरी एकट्याने करायच्या या उपायाला अमेरिकन हार्ट असोसिएशनचीही मान्यता नाही. खोकत बसण्यापेक्षा १०८ लावा.

आता शेतात राबण्याचं. यात अर्धं खरं आहे, मान्य करते. 'प्योर' नावाचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १७ देश, दीड लाखाहून जास्त माणसं, त्यात भारतही. गावांत धोक्याची कारणं शहरांपेक्षा कमीच आढळली. मेसेजवाले इथे थांबतात. त्याच अभ्यासात हृदयविकार-पक्षाघाताचे झटके मात्र गावांत जास्त निघाले: वर्षाला हजारी ६.२५, शहरांत ४.८३. झटक्यानंतर दगावण्याचं प्रमाणही गावांतच जास्त. धोका कमी असूनही माणसं जास्त जातात, कारण बीपी वेळेत कळत नाही, गोळी चालू राहत नाही आणि दवाखाना लांब असतो. म्हणजे तपासणी आधी कुणाच्या दारात जायला हवी?

तो फॉर्म नेमकं हेच शोधतो. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर-हृदयविकार. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की गुण वाढतो. मावशीची ७४ भरली, म्हणून ती खूश. पण खिडकीतल्या मिश्रीच्या डबीचं काय? रोज पहाटे चुलीपुढे बसून ती बोटाने दातांना लावते ती तंबाखूच आहे. 'मी कुठे तंबाखू खाते?' म्हणे.

औषध कंपन्यांचं थोडक्यात. माहिती नीट जपली जावी, ही अपेक्षा रास्तच. पण बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ही जुनी, स्वस्त गोळी आहे, ढीगभर कंपन्या बनवतात आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. त्यासाठी मावशीची कंबर मोजायचा कट कोण रचेल?

रविवारी गावी गेले, आशाताईंना पुन्हा बोलावलं. उपकेंद्रात मावशीचं बीपी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा वरचा आकडा १६० च्या पुढे. फॉर्ममध्ये तंबाखूपुढे 'कधीकधी'ला एक गुण, 'रोज'ला दोन. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "कधीकधी लिहा."