रविवार सगळ्यांच्या लक्षात आहे, मंगळवारचे काय?

दूरदर्शनच्या जुन्या दिवसांचा विषय निघाला की गप्पा ठरावीक वळणानेच जातात. रविवारी सकाळी साडेनऊला ‘रामायण’ लागले की रस्ते ओस पडायचे, ‘चित्रहार’च्या वेळी शेजारपाजारची मुले येऊन बसायची आणि दारात चपलांचा ढीग साचायचा, नागपुरात सेमिनरी हिल्सच्या टीव्ही मनोऱ्याच्या दिशेने अँटेना फिरवायला घरातल्या कोणाला तरी गच्चीवर चढावे लागायचे. हे सगळे खरेच आहे आणि ते आठवताना मलाही भरून येते. पण ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ला सुरू होऊन ३१ जुलै १९८८ला संपले आणि त्या दीड वर्षात दर आठवड्याला रविवारखेरीज आणखी सहा दिवस होतेच. त्या सहा दिवसांत, समजा एखाद्या मंगळवारी संध्याकाळी, आपल्या घरातला टीव्ही काय दाखवत होता, हे कोणालाही विचारून पाहा. फारसे कोणी सांगू शकत नाही. ते सांगतात रेडिओ-टीव्हीच्या कार्यक्रमांची जुनी पाक्षिके, साप्ताहिके आणि वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतली कार्यक्रमांची पाने, आणि म्हणूनच मी ती गेली कित्येक वर्षे जमवत आले आहे.

हा छंद जगभर आहे. ब्रिटनमध्ये १९२३ साली वर्तमानपत्रांच्या मालकांनी रेडिओचे कार्यक्रम फुकट छापायला नकार दिला, तेव्हा बीबीसीने त्याच वर्षी २८ सप्टेंबरला ‘रेडिओ टाइम्स’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. पुढे तिथल्या खासगी वाहिनीच्या कार्यक्रमांसाठी ‘टीव्ही टाइम्स’ निघाले आणि १ मार्च १९९१ला कायदा बदलेपर्यंत पूर्ण आठवड्याचे कार्यक्रम हवे असतील तर ब्रिटिश कुटुंबाला दोन्ही साप्ताहिके विकत घ्यावी लागत. अमेरिकेचे ‘टीव्ही गाइड’ ३ एप्रिल १९५३ला देशभर निघू लागले. त्याचा आकार हातात मावेल एवढाच होता आणि शहराशहराला वेगळी आवृत्ती असे, कारण दर शहरात वाहिन्या वेगळ्या. नाताळच्या जाडजूड अंकात पाहायच्या कार्यक्रमांभोवती पेनाने गोल करण्याची ब्रिटिश घरांतली रीत वाचली, तेव्हा मला दिवाळी अंक हातात पडल्यावर आपल्या घरी त्याच्या अनुक्रमणिकेवर जी झुंबड उडते तीच आठवली.

आपल्याकडची परंपराही काही लहान नाही. ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ १९२७च्या जुलैत निघाले. त्याची जागा २२ डिसेंबर १९३५पासून ‘द इंडियन लिसनर’ने घेतली आणि त्याचेच ५ जानेवारी १९५८ला ‘आकाशवाणी’ झाले. कधी पाक्षिक, कधी साप्ताहिक, पुन्हा १९८३पासून पाक्षिक अशी त्याची रूपे बदलत गेली. ‘इंडियन लिसनर’चे पुष्कळसे अंक आता संगणकावर वाचता येतात. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झाले, त्यामुळे त्यानंतरच्या अंकांत आपल्या गावाचे नाव शोधण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या आहेत. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, लखनौ यांच्या रांगेत छापलेले ‘नागपूर’ दिसले की अभिमान वाटतो आणि तो लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या चौकाला आपण आकाशवाणी चौक म्हणतो, तिथून रोज किती वाजता कोण काय गाणार किंवा बोलणार होते, याची ही मिनिटामिनिटाची नोंद आहे. अशी नोंद दुसरीकडे कुठे शिल्लक असेल असे मला वाटत नाही.

संगणकावरचे अंक मोलाचे आहेत, पण माझा जीव हातात धरता येणाऱ्या अंकांतच अधिक रमतो. बर्डीवरच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एकदा ‘आकाशवाणी’चा एक अंक मिळाला. तो टपालाने कोणाच्या तरी घरी येत असावा, कारण मध्ये उभी घडी पडलेली होती आणि मुखपृष्ठावर पत्त्याच्या पट्टीच्या डिंकाचा तपकिरी डाग होता. आत एकाच हाताने, बारीक टोक केलेल्या पेन्सिलीने, पंधरा दिवसांच्या कार्यक्रमांवर खुणा केलेल्या होत्या. बातम्यांना खूण नाही, भाषणांना अगदी क्वचित, पण रात्रीच्या शास्त्रीय गायनाला जवळजवळ प्रत्येक वेळी. एका ठिकाणी गायिकेच्या नावाखाली दुहेरी रेघ आणि समासात तीनच शब्द होते: ‘माईला सांगणे, नक्की’. ही माई कोण, ती शेजारी राहत होती की दुसऱ्या गावी, तिला निरोप पोचला का आणि तिने ते गाणे ऐकले का, हे कळायला आता मार्ग नाही. पण एका घरात पंधरा दिवस आधीपासून एका गाण्याची वाट पाहिली गेली, हे त्या पेन्सिलीने कायमचे नोंदवून ठेवले आहे. दुकानदाराला या खुणांमुळे अंक खराब झाला असे वाटले आणि त्याने किंमत कमी केली. मी तर त्या खुणांसाठीच तो घेतला.

कोरे, स्वच्छ, न उघडलेले अंक जमवणाऱ्यांशी माझा मतभेद आहे तो इथेच. या छंदात पहिला अंक, शेवटचा अंक, मुखपृष्ठावर प्रसिद्ध चेहरा असलेला अंक यांना भाव येतो. त्यांनी ते जरूर जमवावेत, पण प्रसिद्ध चेहऱ्यांची छायाचित्रे इतरत्र शेकड्यांनी मिळतात. जो अंक ज्या आठवड्यासाठी निघाला त्या आठवड्यानंतर निरुपयोगी ठरला, ज्याच्या पाठीवर दुधाचा हिशेब लिहिला गेला आणि जो रद्दीतून केवळ नशिबाने वाचला, तो सर्वात दुर्मीळ असतो. काही खास घडलेच नाही अशा आठवड्याचा अंक कोणी मुद्दाम जपत नाही, आणि आपले बहुतेक आयुष्य तर तशाच आठवड्यांत जाते.

तसे पान उघडावे आणि संध्याकाळच्या पहिल्या ओळीपासून खाली वाचत जावे. ‘आमची माती आमची माणसं’, मग बातम्या, एखादी चर्चा, पंधरा मिनिटांचे सुगम गायन, ८:४०ला दिल्लीहून हिंदी समाचार. वाचता वाचता स्वयंपाकघरात फोडणी कधी पडायची, वडील कामावरून कधी यायचे, अभ्यासाची वही कोणत्या कार्यक्रमाला मिटायची, हे सगळे त्या वेळांना लागून आपोआप परत येते. पाहिलेला कार्यक्रम मला मुळीच आठवत नसतो, पण त्याच्या वेळी घरात कोण कुठे बसले होते ते स्पष्ट दिसते. हा आनंद मला यूट्यूबवर जुन्या मालिका पाहून मिळत नाही. तिथे मालिका मिळते, पण तिच्या आजूबाजूची संध्याकाळ मिळत नाही.

ही पाने स्मरणरंजनाला वेसणही घालतात, म्हणून मला ती अधिक आवडतात. ‘तेव्हाचा टीव्ही किती छान होता’ असे म्हणणाऱ्याने त्या काळातला एक सबंध आठवडा वाचावा. कितीतरी तास प्रक्षेपणच नसे. सकाळचे नियमित प्रक्षेपण २३ फेब्रुवारी १९८७ला आले आणि दुपारचे २६ जानेवारी १९८९ला. त्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ला सुरू केलेल्या शैक्षणिक कार्यक्रमासारखे अपवाद वगळले, तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी पडद्यावर काहीच नसायचे. मराठीच्या वाट्याला किती वेळ येत होता आणि रात्रीचे सगळे महत्त्वाचे तास दिल्लीकडे कसे गेले, हेही त्या रकान्यांत उघड दिसते. १५ ऑगस्ट १९८२ला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण एकदमच आले. आपल्याला रंग तेवढे आठवतात, पण राष्ट्रीय कार्यक्रमाने प्रादेशिक भाषांची रात्र आखडली, हे पाने शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळते.

माझ्या संग्रहातले एक पान मी वारंवार काढून पाहते. २८ ऑक्टोबर १९८४च्या रविवार पुरवणीतले आठवड्याच्या कार्यक्रमांचे ते पान आहे. बुधवारचा रकाना इतर कोणत्याही बुधवारसारखाच भरलेला आहे, गुरुवार आणि शुक्रवारही तसेच. तो बुधवार ३१ ऑक्टोबरचा होता. त्या दिवशी सकाळी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पुढचे दिवस पडद्यावर तीन मूर्ती भवन, दर्शनाच्या रांगा आणि ३ नोव्हेंबरची अंत्ययात्रा हेच होते. म्हणजे त्या पानावर छापलेले पुढचे तीन-चार दिवस तसे उगवलेच नाहीत. इतिहासाची पुस्तके त्या बुधवारी काय घडले ते सांगतात. त्या दिवशी काय घडायचे होते, रियाज करून कोण गायला तयार बसले होते, कोणाची मुलाखत लागायची होती, हे मात्र या पानावरच उरले आहे. हे पान हातात घेतले की पोटात तुटते, आणि तरी ते माझ्याजवळ आहे याचे मला समाधान आहे.

या कागदाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. सुरुवातीच्या काळात पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि त्यांचे ध्वनिचित्रमुद्रणच होत नसे. जे मुद्रित होत, त्यांच्या टेपही महाग असल्याने पुसून पुन्हा वापरल्या जात. ही रीत जगभरच्या वाहिन्यांत होती, बीबीसीसुद्धा तिला अपवाद नव्हती. त्यामुळे असंख्य कार्यक्रमांचा एकमेव पुरावा म्हणजे त्यांची छापील ओळ. बीबीसीने हे ओळखून ‘रेडिओ टाइम्स’मधल्या १९२३ ते २००९च्या सगळ्या नोंदी संगणकावर आणल्या आणि २०१४ साली त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. आपल्याकडे निदान एका केंद्रापुरते तरी असे काम व्हावे आणि ते नागपूरपासून सुरू व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आकाशवाणीची रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी १८ मे १९८८ला सुरू झाली, तेव्हा देशाच्या मध्यावर म्हणून तिचे शक्तिशाली प्रक्षेपण नागपूरहूनच होत होते. सारा देश रात्री ज्या गावाकडून ऐकत होता, त्या गावाने आपली नोंद ठेवायला नको का?

केबल आल्यावर कार्यक्रमांची पाने आधी फुगली आणि मग आटली. २ ऑक्टोबर १९९२ला झी आले, वाहिन्या वाढत गेल्या, ओळींच्या जागी तक्ते आले, तक्त्यांत केवळ चित्रपटांची नावे उरली आणि अखेर पुरवण्यांतून तेही गेले. आता सेट-टॉप बॉक्सचे बटण दाबले की पुढच्या काही दिवसांचे कार्यक्रम दिसतात आणि गेलेला आठवडा मागे काहीही न ठेवता पुसला जातो. आजची मुले चाळीस वर्षांनी आपला एखादा साधा मंगळवार शोधू लागली, तर त्यांना काय मिळेल याची मला खरोखर काळजी वाटते.

जपणुकीविषयी थोडे सांगते, कारण नागपुरात कागद टिकवणे सोपे नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या कच्च्या लगद्याचा असतो, त्यात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहून जाते आणि उजेड व उष्णता लागली की तो पिवळा पडून घडीवर मोडू लागतो. आपला मे महिना पंचेचाळीस अंशांचा. त्यावर उपाय म्हणून आपण कूलर लावतो आणि खोलीत दमट हवा भरतो, ती कागदाला उन्हाइतकीच वाईट. म्हणून कूलरच्या खोलीत कपाट ठेवू नये. पाने घडी उलगडून आडवी ठेवावीत, गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढाव्यात, रबर बँडऐवजी सुती नाडी वापरावी. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये, तिचा डिंक काही वर्षांत कागदात उतरून अक्षरे खातो. लॅमिनेशन तर नकोच. पावसाळ्यानंतर एकदा सगळे गठ्ठे उघडून वाळवी आणि कसर पाहावी. पान हाताळण्याआधी खिडकीच्या उजेडात, थेट ऊन टाळून, मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे.

इतवारीत मी एका रद्दीच्या दुकानात नेहमी जाते. तिथल्या काकांनी एकदा विचारले, “ताई, संपून गेलेल्या कार्यक्रमांचा पेपर घेऊन करता तरी काय जी तुम्ही?” मी त्यांना त्यांच्या लग्नाची तारीख विचारली. सुदैवाने त्या आठवड्याची पुरवणी माझ्याकडे निघाली. पुढच्या खेपेला मी ते पान नेले, तर काकांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचले, मुलाला हाक मारून दाखवले आणि त्या दिवसापासून अशी पाने ते माझ्यासाठी वेगळी काढून ठेवतात.

ही पोस्ट वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी किंवा फडताळात अंथरलेल्या कागदांत असे काही सापडले, तर विकण्याआधी कळवा. मला १५ ऑगस्ट १९८२च्या आठवड्याचे कोणत्याही नागपुरी वर्तमानपत्राचे कार्यक्रमांचे पान हवे आहे. तसेच १९८४ ते १९९० या काळातल्या रविवार पुरवण्या आणि नागपूर केंद्राचे कार्यक्रम असलेले ‘आकाशवाणी’चे कोणतेही अंक चालतील. पान फाटके असले, त्यावर हिशेब लिहिलेला असला, शब्दकोडे अर्धवट सोडवलेले असले तरी हरकत नाही. मूळ पान द्यायचे नसेल तर मी घरी येऊन छायाचित्र काढून नेईन. पानावरची तारीख तेवढी कापली जाऊ देऊ नका.